निव्वळ शून्य उत्सर्जन आणि स्थानिक स्वराज्य संस्था : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

सारांश :

हवामान बदलाला तोंड देण्यासाठी भारताने इ.स. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट स्वीकारले आहे. हे उद्दिष्ट राष्ट्रीय असले तरी त्याची अंमलबजावणी गाव व शहर पातळीवरच व्हावयाची आहे. प्रस्तुत लेखात चंद्रपूर व गडचिरोली या दोन शेजारी वनजिल्ह्यांच्या आधारे ग्रामसभा, ग्रामपंचायत व महानगरपालिका यांची या कार्यातील भूमिका स्पष्ट केली आहे. एका जिल्ह्यात कोळसा व औष्णिक वीज, तर दुसऱ्यात विस्तीर्ण जंगल, अशी येथील स्थिती आहे. जंगल धूर शोषून घेईल व हिशेब आपोआप जुळेल ही समजूत अपुरी कशी आहे, आणि तरीही ग्रामसभांचे जंगलरक्षण अत्यंत मोलाचे का आहे, याचे विवेचन लेखात केले आहे.

बीजशब्द : निव्वळ शून्य उत्सर्जन, ग्रामसभा, सामूहिक वनहक्क, कर्बसाठा, औष्णिक वीज, स्थानिक स्वराज्य संस्था.

प्रस्तावना :

इ.स. १९९२ मध्ये हवामान बदलविषयक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यानंतर १९९७ चा क्योटो करार व २०१५ चा पॅरिस करार हे पुढील टप्पे होत. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०७० हे निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्यवर्ष जाहीर केले. त्यानंतर राज्ये व शहरे यांनीही आपापले आराखडे तयार करण्यास सुरुवात केली. मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा प्रसिद्ध करून २०५० हे वर्ष निश्चित केले. महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०२० पासून भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांवर आधारित ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू करून ग्रामपंचायती व नगरपालिकांना त्यात सहभागी करून घेतले.

मात्र महानगरासाठी केलेला आराखडा वनजिल्ह्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. मुंबईपुढे इमारती, वाहतूक व कचरा यांचा प्रश्न आहे. गडचिरोलीतील ग्रामसभेपुढे वणवा, सरपण, बांबू व मोहफूल यांचा प्रश्न आहे. चंद्रपूर शहरापुढे तर आपल्या हद्दीलगत जळणाऱ्या, पण आपल्या अधिकारात नसलेल्या कोळशाचा प्रश्न आहे. या भिन्न परिस्थितींत ‘निव्वळ शून्य’ या एकाच शब्दाचा अर्थ काय घ्यावा, हे तपासणे आवश्यक ठरते.

लेखाची उद्दिष्टे :

१. निव्वळ शून्य उत्सर्जन ही संकल्पना स्थानिक पातळीवर समजून घेणे.
२. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील उत्सर्जन व जंगलाची शोषणक्षमता यांचा ढोबळ ताळमेळ पाहणे.
३. ग्रामसभा, ग्रामपंचायत व महानगरपालिका यांच्या अधिकारकक्षेतील उपाय व त्यांच्या मर्यादा स्पष्ट करणे.

विवेचनासाठी कायदे, शासकीय अहवाल व प्रकाशित माहिती या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. जेथे ढोबळ गणित मांडले आहे तेथे त्यातील गृहीतके स्पष्टपणे नमूद केली आहेत.

१. निव्वळ शून्य : संकल्पना

निव्वळ शून्य म्हणजे उत्सर्जनच नसणे नव्हे. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड आदी हरितगृह वायू जेवढे वातावरणात सोडले जातात तेवढेच जंगल, जमीन अथवा अन्य मार्गाने परत शोषले गेले म्हणजे निव्वळ शून्य साधते. यात दोन बाजू आहेत, उत्सर्जन कमी करणे व शोषण वाढविणे. पहिली बाजू कठीण व खर्चिक असल्याने अनेकदा दुसरीवरच भर दिला जातो. वृक्षारोपणाचे आकडे मोठे दिसतात, पण लावलेली किती रोपे तीन उन्हाळे तगली याची नोंद क्वचितच ठेवली जाते.

स्थानिक संस्थेच्या उत्सर्जनाची मोजणी तीन कक्षांत केली जाते. हद्दीत प्रत्यक्ष जळणारे इंधन ही पहिली कक्षा. हद्दीत वापरलेली, परंतु बाहेरून आलेली वीज ही दुसरी. हद्दीतील लोकांच्या उपभोगामुळे अन्यत्र होणारे उत्सर्जन ही तिसरी. शहरांच्या मोजणीसाठी २०१४ मध्ये तयार झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमसंचात एक महत्त्वाची तरतूद आहे. विद्युत जाळ्याला वीज पुरविणाऱ्या केंद्राचे उत्सर्जन शहराने नोंदवावे, परंतु शहराच्या मूळ बेरजेत धरू नये; कारण ती वीज जेथे वापरली जाते तेथील दुसऱ्या कक्षेत ती मोजली जाते. चंद्रपूरच्या संदर्भात ही तरतूद समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

२. घटनात्मक व कायदेशीर चौकट

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिच्याद्वारे घटनेत समाविष्ट झालेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत. त्यांत सामाजिक वनीकरण, गौण वनोपज, इंधन व चारा, ग्रामीण विद्युतीकरण आणि अपारंपरिक ऊर्जा यांचा समावेश होतो. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय असून त्यांत घनकचरा, पथदिवे, नागरी वनीकरण व पर्यावरण संरक्षण हे विषय आहेत. म्हणजे हवामान हा शब्द अनुसूचीत नसला तरी त्याच्याशी निगडित बहुतेक कामे स्थानिक संस्थांकडे सोपविण्याची तरतूद घटनेत आहे.

वनजिल्ह्यांत यापुढे जाऊन दोन कायदे महत्त्वाचे ठरतात. अनुसूचित क्षेत्रासाठीचा १९९६ चा पंचायत विस्तार कायदा, म्हणजेच ‘पेसा’, गौण वनोपजाची मालकी ग्रामसभा व पंचायतींकडे देतो. महाराष्ट्रात त्याचे नियम २०१४ मध्ये झाले. वनहक्क कायदा २००६ हा दुसरा. या कायद्याच्या कलम ३ अन्वये गावाला आपल्या पारंपरिक सीमेतील सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा हक्क मिळतो आणि कलम ५ ग्रामसभेला वन, वन्यजीव व जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार देते. येथे ग्रामसभा व ग्रामपंचायत यांतील भेद लक्षात घ्यावयास हवा. ग्रामपंचायत ही निवडून आलेली कार्यकारी संस्था होय. ग्रामसभा ही गावातील सर्व प्रौढ मतदारांची सभा होय. जंगलाचा हक्क ग्रामसभेकडे व विकासनिधी मुख्यतः ग्रामपंचायतीकडे, अशी विभागणी असल्याने दोहोंचा मेळ बसणे आवश्यक असते.

३. दोन जिल्ह्यांचे चित्र

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यापासून वेगळा झाला. त्याचे क्षेत्र १४,४१२ चौ. कि.मी. असून दोन तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १०.७३ लाख होती. धान हे मुख्य पीक आहे. माजी मालगुजारी तलाव, मोह, तेंदू, बांबू यांवर ग्रामीण जीवन आधारलेले आहे. मात्र एटापल्ली तालुक्यातील सूरजागड येथील लोहखनिज उत्खनन व चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथील लोहप्रकल्प यांमुळे या जिल्ह्याचे चित्रही बदलू लागले आहे.

चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे २२.०४ लाख, म्हणजे गडचिरोलीच्या दुपटीहून अधिक होती. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी, घुग्घुस, राजुरा व कोरपना परिसरातील सिमेंट उद्योग, बल्लारपूरचा कागद कारखाना आणि २,९२० मेगावॅट क्षमतेचे महानिर्मितीचे महाऔष्णिक विद्युत केंद्र ही या जिल्ह्याची औद्योगिक ओळख आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यांकनात चंद्रपूरची गणना देशातील ४३ अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाली. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही या शहराचा समावेश आहे. त्याच जिल्ह्यात १,७२७ चौ. कि.मी. विस्ताराचा ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आहे. खाण, वीज व वाघ एकाच जिल्ह्यात असल्याने येथील प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला आहे.

४. जंगलाचा हिशेब : साठा आणि ओघ

दोन्ही जिल्हे एकत्र धरल्यास जंगल सर्व धूर पचवील, असे सहज म्हटले जाते. याची तपासणी ढोबळ गणिताने करता येते.

चंद्रपूरचे विद्युत केंद्र वर्षभर सरासरी ६० टक्के क्षमतेने चालले असे गृहीत धरल्यास सुमारे १,५३५ कोटी युनिट वीज निर्माण होते. कोळशाच्या विजेसाठी प्रतियुनिट अंदाजे एक किलो कार्बन डायऑक्साइड धरल्यास वार्षिक उत्सर्जन सुमारे १.५ कोटी टन होते. आता गडचिरोलीचे जंगल दहा लाख हेक्टर मानू. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांवरून देशातील जंगलांत दर हेक्टरी कर्बाची वार्षिक वाढ अर्ध्या टनाच्या आसपास दिसते. येथे उदारपणे ती एक टन धरू. एक टन कर्ब म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. त्यानुसार संपूर्ण गडचिरोलीचे जंगल वर्षाला सुमारे ३७ लाख टन शोषून घेईल. म्हणजे एका जिल्ह्याचे समग्र जंगल शेजारच्या एका विद्युत केंद्राच्या धुराचा जेमतेम चौथा हिस्सा पचवू शकते. यात सिमेंट, लोहप्रकल्प, वाहतूक व खाणी धरलेल्याच नाहीत.

परंतु या गणिताची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. भारतातील जंगलांत, मातीसह, दर हेक्टरी सरासरी शंभर टनांच्या आसपास कर्ब साठलेला आहे. हीच सरासरी लावल्यास गडचिरोलीच्या जंगलात सुमारे दहा कोटी टन कर्ब, म्हणजे ३६ ते ३७ कोटी टन कार्बन डायऑक्साइड बांधून ठेवलेला आहे. सदर विद्युत केंद्राच्या जवळपास चोवीस वर्षांच्या धुराएवढा हा साठा होय.

साठा व ओघ यांतील हा भेद ठेवीची मुद्दल व वार्षिक व्याज यांसारखा आहे. व्याज थोडे असले म्हणून मुद्दल क्षुल्लक ठरत नाही. जंगल तुटले अथवा वारंवार जळाले तर शतकानुशतके साठलेला कर्ब काही वर्षांत हवेत जातो आणि नव्या रोपवनाने तो भरून येण्यास पिढ्या लागतात. त्यामुळे वनजिल्ह्यातील स्थानिक संस्थेचे पहिले कार्य नवीन झाडे लावण्याचे नसून उभे जंगल राखण्याचे आहे.

५. मेंढा (लेखा) व पाचगाव : दोन ग्रामसभांचा अनुभव

उभे जंगल राखण्याचे काम कोण व कसे करू शकते, याचे उत्तर या दोन जिल्ह्यांतील ग्रामसभांनीच दिले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे सुमारे पाचशे लोकवस्तीचे गोंड आदिवासी गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा सर्वपरिचित आहे. देवाजी तोफा यांचे नेतृत्व व मोहन हिराबाई हिरालाल यांचे सहकार्य लाभलेल्या या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची व अभ्यासगटात विषय समजून घेण्याची पद्धत रुजविली. २००९ मध्ये मेंढा व शेजारच्या मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशात असे हक्क प्रथम मिळविणाऱ्या गावांत त्यांची गणना होते. मेंढ्याचे हे क्षेत्र सुमारे १,८०० हेक्टर आहे. हक्क मिळूनही बांबूच्या वाहतुकीचा परवाना गावाला मिळत नव्हता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेकडे सोपविण्यात आले. त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले.

वरील गणित मेंढ्याला लावल्यास १,८०० हेक्टर जंगल वर्षाला सुमारे ६,६०० टन कार्बन डायऑक्साइड शोषते असे येते. गावातील प्रत्येक व्यक्ती देशाच्या सरासरीएवढे, म्हणजे वर्षाला सुमारे दोन टन उत्सर्जन करते असे मानले तरी एकूण आकडा एक हजार टनांच्या पुढे जात नाही. प्रत्यक्षात तो याहून बराच कमी असणार. तात्पर्य, मेंढा आजच शून्याच्या खाली आहे. अशा गावाला ‘निव्वळ शून्य व्हा’ असे सांगण्यात अर्थ नाही. त्याचे जंगल टिकावे व त्या रक्षणाचा मोबदला गावाला मिळावा, हा तेथील खरा प्रश्न आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव येथे २०१२ मध्ये सुमारे १,००६ हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाले. या ग्रामसभेचा एक निर्णय हवामानाच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. तेंदूपत्ता हे उन्हाळ्यातील रोख उत्पन्नाचे मोठे साधन. परंतु चांगली कोवळी पाने यावीत म्हणून झाडांची छाटणी केली जाते व जंगलात आग लावली जाते. हे ध्यानात घेऊन पाचगावने तेंदू तोडणीचे उत्पन्न सोडले आणि बांबूच्या शाश्वत तोडणीवर भर दिला. शिवाय सुमारे ३४ हेक्टर क्षेत्र देवराई म्हणून पूर्णपणे राखून ठेवले. गरीब गावाने रोख रक्कम नाकारून आग टाळली, ही गोष्ट कोणत्याही वृक्षारोपण मोहिमेपेक्षा अधिक बोलकी आहे. अर्थात प्रत्येक गावाला तेंदूचे उत्पन्न सोडणे परवडेल असे नाही. पाचगावला बांबूचा पर्याय होता आणि त्यावर मालकी होती, म्हणून हा निर्णय शक्य झाला. हक्क आणि पर्यायी उत्पन्न यांशिवाय संरक्षणाची अपेक्षा केवळ उपदेश ठरतो.

वणव्याचा प्रश्न येथेच संपत नाही. राज्यात वणव्याच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोलीचा समावेश होतो. तेंदूप्रमाणेच मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालील पालापाचोळा जाळण्याची पद्धत त्यास कारणीभूत ठरते. जमिनीवरून सरकणाऱ्या अशा आगीत मोठी झाडे सहसा वाचतात, पण रोपे व कोंब जळतात. जंगल उभे दिसते, मात्र त्याची पुढची पिढी नाहीशी होते. झाडाखाली जाळी बांधून फुले गोळा करणे, पाचोळा जाळण्याऐवजी झाडून बाजूला करणे, फेब्रुवारीपूर्वी जाळरेषा काढणे आणि उपग्रहाधारित आगीची सूचना थेट ग्रामसभेच्या वनव्यवस्थापन समितीपर्यंत पोहोचविणे, हे उपाय अल्पखर्चाचे व ग्रामसभेच्या आवाक्यातील आहेत.

६. ग्रामपंचायतीच्या हातातील कामे

देशात या दिशेने प्रयत्न केलेल्या दोन ग्रामपंचायती मार्गदर्शक ठरतात. केरळमधील वायनाड जिल्ह्याच्या मीनंगाडी ग्रामपंचायतीने २०१६ मध्ये कर्बसमतोलाचा कार्यक्रम हाती घेतला. प्रथम गावाच्या उत्सर्जनाची मोजणी केली आणि शेतकऱ्याने आपल्या शेतातील झाडे न तोडता ती तारण ठेवून बिनव्याजी कर्ज घ्यावे, अशी ‘वृक्ष बँक’ योजना आखली. जम्मूतील सांबा जिल्ह्याच्या पल्ली गावात ५०० किलोवॅटचा सौर प्रकल्प उभारून २४ एप्रिल २०२२ रोजी त्या पंचायतीला कर्बसमतोल पंचायत म्हणून घोषित करण्यात आले. पल्लीचा मार्ग यंत्रसामग्रीचा व बाहेरील निधीचा, मीनंगाडीचा मार्ग मोजणी, सहकार व लोकसहभागाचा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीतील पंचायतींना दुसरा मार्ग अधिक जवळचा वाटावा.

येथील ग्रामपंचायतीच्या कक्षेत प्रामुख्याने चार क्षेत्रे येतात. पहिले क्षेत्र विजेचे. पथदिवे, नळयोजनेचे पंप, शाळा व अंगणवाडी यांचे वीजबिल पंचायतीला दरमहा माहीत असते. त्यामुळे सर्वांत सोपी मोजणी येथूनच सुरू होऊ शकते. शाळेच्या छतावरील सौर संच व सौर पंप यांमुळे उत्सर्जनाबरोबर थकबाकीही कमी होते.

दुसरे क्षेत्र सरपणाचे. येथे हिशेब काहीसा फसवा आहे. मोजणीच्या प्रचलित नियमांनुसार लाकूड जाळल्याने निघणारा कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या बेरजेत धरला जात नाही, कारण झाड पुन्हा वाढते असे मानले जाते. गॅस मात्र खनिज इंधन असल्याने धरला जातो. परिणामी चूल सोडून गॅस घेतलेले गाव कागदावर अधिक उत्सर्जन करणारे दिसते. परंतु चुलीच्या धुराने स्त्रियांच्या फुप्फुसांची होणारी हानी, जंगलावरील ताण व वन्यप्राण्यांशी होणारा सामना या बाबी त्या बेरजेत येत नाहीत. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन महिलांचा एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तेंदू असो वा सरपण, जंगलात रोज जावे लागणाऱ्यांचा धोका सारखाच असतो. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून २०१५ पासून व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांना गॅसजोडणीसाठी साहाय्य मिळू लागले. मात्र जोडणी मिळाली तरी सिलिंडर पुन्हा भरून घेणे अनेक कुटुंबांना परवडत नाही. म्हणून गोबरगॅस व सुधारित चूल यांना गॅसच्या जोडीने स्थान हवे. येथे आकड्यांच्या मागे न लागता माणसांचा विचार आधी करणे योग्य होय.

तिसरे क्षेत्र धानशेतीचे. पाणी साचलेल्या बांधीत प्राणवायूच्या अभावी जिवाणू मिथेन तयार करतात. शंभर वर्षांच्या कालावधीत मिथेनचा तापनप्रभाव कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट आहे. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी व संपूर्ण गडचिरोलीत धानाचे क्षेत्र मोठे असल्याने हे उत्सर्जन दुर्लक्षिता येत नाही. बांधीतील पाणी मधूनमधून आटू देणे, श्री पद्धतीने रोवणी करणे अथवा जेथे शक्य तेथे आवत्या पेरणी करणे यांमुळे ते कमी होते. परंतु पाणी सोडण्या-रोखण्याची सोय असल्याखेरीज शेतकरी बांधी कोरडी करण्याची जोखीम पत्करणार नाही. पाऊस पुन्हा येईल याची शाश्वती नसते. म्हणून माजी मालगुजारी तलावांचा गाळ काढणे व पाटांची दुरुस्ती हे येथील हवामानविषयक कामच समजले पाहिजे.

चौथे क्षेत्र बांबूचे. बांबू लवकर वाढतो आणि बांधकामात व फर्निचरमध्ये वापरल्यास त्यातील कर्ब दीर्घकाळ बांधला जातो. कागद किंवा जळण म्हणून वापरल्यास तो लवकर हवेत परततो. चंद्रपूरजवळील चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र या दृष्टीने ग्रामसभांना उपयुक्त ठरू शकते.

७. चंद्रपूर महानगरपालिकेपुढील प्रश्न

चंद्रपूर महानगरपालिका २०११ मध्ये स्थापन झाली. शहरालगतच्या विद्युत केंद्राच्या धुराड्यांवर तिचा कोणताही अधिकार नाही. तेथील विजेचा मोठा भाग राज्याच्या अन्य शहरांत वापरला जातो. दिवा दूरच्या शहरात लागतो, राख मात्र चंद्रपूरच्या छतांवर पडते. मोजणीच्या नियमानुसार हे उत्सर्जन वीज वापरणाऱ्यांच्या खात्यात जाते, ही गोष्ट न्याय्यच आहे. परंतु त्यामुळे स्थानिक संस्थेने स्वस्थ बसावे असे नव्हे. तिने दोन वेगळे तक्ते ठेवावेत. पहिला आपल्या अखत्यारीतील उत्सर्जनाचा, दुसरा हद्दीतील परंतु अखत्यारीबाहेरील उत्सर्जनाचा. पहिल्यासाठी तिने उत्तरदायी असावे व दुसऱ्यासाठी राज्य शासनाकडे व उद्योगांकडे आकडेवारीसह मागणी करावी.

पहिल्या तक्त्यात ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट अथवा वायुनिर्मिती, पाणीपुरवठ्याच्या पंपांची कार्यक्षमता, पथदिवे, बांधकाम परवान्यात उष्णतारोधक छताची अट आणि हॉटेले व वस्त्यांतील कोळशाच्या सिगड्यांना पर्याय ही कामे येतात. यांतील शेवटचे काम हवा व हवामान या दोहोंसाठी तातडीचे आहे. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात सावली ही आरोग्याची गरज असल्याने नागरी वनीकरणाचे मूल्यही केवळ कर्बशोषणावरून ठरवू नये.

दुसऱ्या तक्त्याचा संबंध भविष्याशी आहे. कोळशाचा वापर पुढील दशकांत घटणार असेल तर खाणकामगार, कंत्राटी मजूर, ट्रकचालक व त्यांच्यावर अवलंबून असलेली बाजारपेठ यांचे काय, हा प्रश्न घुग्घुस, बल्लारपूर व राजुरा येथील नगरपालिकांपुढेही उभा राहील. शून्याचा मार्ग रोजगाराचा विचार न करता आखला गेला, तर त्याला स्थानिक जनतेचा पाठिंबा मिळणार नाही.

८. निधीचा प्रश्न

अधिकार आहेत, परंतु निधी नाही, ही स्थानिक संस्थांची नेहमीची तक्रार असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात पंचायतींच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित होती. उर्वरित ४० टक्क्यांतून इतर सर्व कामे करावयाची होती. परंतु खनिजसंपन्न जिल्ह्यांत आणखी एक स्रोत आहे. खाण व खनिज कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद झाली. खाणपट्टाधारकांकडून स्वामित्वधनाच्या ठरावीक प्रमाणात मिळणारी ही रक्कम खाणबाधित क्षेत्रासाठी वापरावयाची असते. आरोग्य, पिण्याचे पाणी व पर्यावरण रक्षण यांना तीत प्राधान्य आहे. कोळसा व लोहखनिजातून येणाऱ्या या निधीचा ठरावीक भाग वणवा नियंत्रण, सौर पंप व तलाव दुरुस्तीसाठी ग्रामसभांच्या मागणीनुसार दिल्यास दोन्ही जिल्ह्यांना लाभ होईल.

९. कर्बाची मालकी

अलीकडे कर्बपतपत्रांच्या बाजाराची चर्चा वाढली आहे. भारतात कर्बपत व्यापार योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली. जंगलातील कर्बाला किंमत येऊ लागली की तो कोणाचा, हा प्रश्न अपरिहार्य ठरतो. वनहक्क कायद्यात कर्ब या शब्दाचा उल्लेख नाही. तथापि, जंगलाच्या व्यवस्थापनाचा हक्क ज्या ग्रामसभेला आहे तिच्या संमतीशिवाय त्या जंगलाच्या कर्बाचा सौदा होणे या कायद्याच्या भावनेशी सुसंगत म्हणता येणार नाही.

याहून मूलभूत धोका आणखी एक आहे. एखाद्या उद्योगाने गडचिरोलीतील आधीपासून उभ्या असलेल्या जंगलाचा आकडा आपल्या खात्यात दाखवून स्वतःचा धूर कायम ठेवला, तर वातावरणातील एक किलोही कर्ब कमी होणार नाही. जंगल पूर्वीही होते, धूरही पूर्वीइतकाच आहे. फक्त हिशेबाची वही बदललेली असेल. बांबूच्या परवान्यासाठी गावाला झगडावे लागले हा अनुभव ताजा असताना कर्बाच्या बाबतीत ग्रामसभांनी आधीच सावध असणे इष्ट.

निष्कर्ष :

१. निव्वळ शून्य हे उद्दिष्ट सर्व स्थानिक संस्थांना सारखे लागू होत नाही. मेंढ्यासारखी गावे आजच शून्याखाली असून त्यांचे कार्य साठा राखण्याचे आहे.
२. गडचिरोलीचे समग्र जंगलदेखील चंद्रपूरच्या एका विद्युत केंद्राच्या उत्सर्जनाची भरपाई करू शकत नाही. म्हणून उत्सर्जन घटविण्यास पर्याय नाही.
३. वार्षिक शोषण मर्यादित असले तरी जंगलातील कर्बसाठा प्रचंड असून त्याच्या रक्षणात हक्कप्राप्त ग्रामसभांची भूमिका निर्णायक आहे.
४. संरक्षण टिकण्यासाठी हक्क, पर्यायी उत्पन्न व निधी या तिन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात.

शिफारशी :

१. ग्रामपंचायत विकास आराखड्यात वीज, इंधन, धानशेती व वणवा यांच्या वार्षिक नोंदीचा एक साधा तक्ता समाविष्ट करावा.
२. महानगरपालिका व नगरपालिकांनी अखत्यारीतील व अखत्यारीबाहेरील उत्सर्जनाचे स्वतंत्र तक्ते प्रसिद्ध करावेत.
३. कर्बविषयक कोणताही करार ग्रामसभेच्या लेखी ठरावाशिवाय होऊ नये.
४. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून ग्रामसभांना मोजणीसाठी साहाय्य करावे. वनस्पतिशास्त्र विभागाने झाडांच्या घेराची मोजणी, वाणिज्य विभागाने वीज व इंधनाचा हिशेब आणि समाजशास्त्र विभागाने सरपण वापराचे सर्वेक्षण हाती घेतल्यास पाच वर्षांत या दोन जिल्ह्यांची स्वतःची विश्वसनीय आकडेवारी तयार होईल.

समारोप :

प्रस्तुत लेखातील गणित देशाच्या सरासरीवर आधारलेले आहे. मेंढ्याच्या किंवा पाचगावच्या जंगलात दर हेक्टरी नेमका किती कर्ब आहे, हे तेथील झाडे मोजूनच सांगता येईल. ही मोजणी बाहेरील संस्थेने करून आकडा गावाला कळविणे आणि गावाने ती स्वतः करून आकडा आपल्या दप्तरी ठेवणे, यांत मोठे अंतर आहे. ज्याच्याकडे नोंद असते त्याच्या शब्दाला वाटाघाटीत वजन असते, हे ग्रामसभांनी बांबूच्या व्यवहारातून अनुभवले आहे. निव्वळ शून्याच्या वाटचालीत चंद्रपूरने धूर कमी करावा, गडचिरोलीने जंगल राखावे आणि एकाचा हिशेब दुसऱ्याच्या नावावर मांडला जाऊ नये, एवढी दक्षता घेतली तरी स्थानिक स्वराज्य या शब्दाला हवामानाच्या संदर्भातही अर्थ प्राप्त होईल.